भांडं एक, वेळा चार: घरच्या घरी सीफूड बॉइल

पहिल्यांदा सीफूड बॉइल केलं तेव्हा ‘सगळं एकाच भांड्यात’ हे शब्द मी जरा जास्तच मनावर घेतले होते. बटाटे, कणसं, शिंपले, कोळंबी आणि वर चार लिंबांचा रस असं सगळं एकदम पाण्यात लोटलं, झाकण घातलं आणि बाहेर पाहुण्यांत जाऊन बसलो. पंचवीस मिनिटांनी झाकण उघडलं तर बटाटा सुरीला दाद देईना आणि कोळंबीचं खोडरबर झालेलं. शिंपल्यांतलं मांस आक्रसून वाटाण्याएवढं उरलं होतं. मंडळी भली, त्यांनी तोंडभर कौतुक केलं. दुसऱ्यांदा मात्र कुणी वाढून घेतलं नाही.

पुढे कळलं की या पदार्थात कौशल्य असं फारसं नाहीच. भाजणं नाही, परतणं नाही, वाटण नाही. कोणती गोष्ट कधी पाण्यात पडते, एवढंच सांभाळायचं. माझ्यासारखा फजितवाडा तुमचा होऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

हा प्रकार मुळात अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा. लुइझियानात क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले छोटे शेवंडासारखे जीव, असे पिंपाएवढ्या भांड्यात उकडतात. साउथ कॅरोलायनात कोळंबी, कणीस, बटाटा आणि धुरावलेलं सॉसेज घालतात आणि त्याला ‘फ्रॉगमोर स्ट्यू’ म्हणतात. त्यात बेडूक नसतो आणि तो स्ट्यूही नसतो. फ्रॉगमोर हे तिथल्या सेंट हेलेना बेटावरच्या वस्तीचं नाव. दोन्हीकडे पद्धत एकच: उकडायचं, पाणी गाळायचं, टेबलावर ओतायचं आणि सगळ्यांनी भोवती बसून हाताने खायचं. आपण तेच चार माणसांपुरतं, घरच्या गॅसवर करू.

१. बाजारात जाण्याआधी पाहुण्यांना विचारा

कवचवाल्या माशांची अ‍ॅलर्जी आहे का, हे प्रत्येकाला थेट विचारा. ‘चालतं ना सगळं?’ असं मोघम नको. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे येते आणि हे प्रथिन उकळूनही निकामी होत नाही. शिवाय भांडं एकच, पाणी एकच. त्यामुळे ‘तू नुसते बटाटे खा’ ही सोय इथे चालत नाही, कारण बटाटेही त्याच पाण्यात शिजलेले असतात. असा कुणी असेल तर त्याचं वेगळं भांडं, वेगळा झारा. नाहीतर बेत बदला.

२. काय काय लागेल

भांडी आणि साधनं:
- जाड बुडाचा १० लिटरचा टोप, झाकणासकट. ८ लिटरपेक्षा लहान असेल तर सामान निम्मं करा आणि दोन खेपा करा
- लांब दांड्याचा झारा आणि मोठी चाळण
- किचनची कात्री, जुना टूथब्रश
- मसाल्याच्या पुरचुंडीसाठी पातळ सुती कापड
- लोण्यासाठी छोटं पातेलं
- मोठी परात किंवा ट्रे
- मिनिटांचा गजर (फोन चालेल, पण कोणाचा तरी कोरड्या हातांचा)

चौघांसाठी सामान:
- सालासकट मध्यम किंवा मोठी कोळंबी १ किलो
- तिसऱ्या किंवा शिनाणे (दोन्ही शिंपल्यांचेच प्रकार) ५०० ते ७०० ग्रॅम
- छोटे बटाटे ७०० ग्रॅम, साधारण लिंबाएवढे. मोठे असतील तर तुकडे करा
- मक्याची कणसं ३, प्रत्येकाचे चार तुकडे
- कांदे २, लसणाचे अख्खे गड्डे २ आणि लोण्यासाठी वेगळ्या दहा-बारा पाकळ्या, लिंबं ४
- मीठ, मसाला (पुढे येतो), लोणी १५० ग्रॅम

सॉसेज घालायचं असेल तर धुरावलेलं घ्या आणि कणसांबरोबर टाका. मी हल्ली घालत नाही. त्याची चव दांडगी असते, सगळ्या भांड्याला तीच लागते.

खेकडा यादीत मुद्दामच नाही. पहिल्या खेपेला तो नको, त्याच्याबद्दल शेवटी सांगतो.

३. निवडणं आणि साफ करणं

निम्मा वेळ इथेच जातो, आणि जावा. वास हीच पहिली परीक्षा. ताज्या मालाला समुद्राचा खारट वास येतो, नाकात चढणारा अमोनियाचा नाही. कोळंबी हातात घट्ट लागली पाहिजे. डोकं मानेशी लुळं पडलं असेल किंवा अंग बुळबुळीत लागलं तर सोडून द्या.

फ्रोझन कोळंबी अगदी चालते. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. विसरलात तर घट्ट बंद पिशवीत घालून गार पाण्यात अर्धा तास बुडवा. गरम पाणी वापरू नका. बाहेरचा भाग शिजायला लागतो आणि आत बर्फाचा खडा तसाच राहतो. गोठलेली कोळंबी तशीच भांड्यात टाकली तर उकळी मरते आणि पुढची सगळी वेळापत्रकं कोलमडतात.

कोळंबीचं साल काढू नका. या पदार्थात सालाला काम आहे: ते मांसाला उकळीच्या थेट माऱ्यापासून वाचवतं, आणि पाण्याला चवही देतं. पण काळा दोरा काढायचा असतो. त्यासाठी कात्रीचं टोक मानेकडून सालाखाली घाला, पाठीवरून शेपटीपर्यंत कापत जा आणि दोरा नखाने उचलून ओढून घ्या. साल जागेवरच राहतं, आणि खाताना सोलायलाही सोपं जातं. पहिल्या दहा कोळंब्यांना पंधरा मिनिटं लागतील, पुढे हात बसतो.

आता शिंपले. ते जिवंत असतात आणि जिवंतच भांड्यात गेले पाहिजेत. घरी आणल्यावर वाटीत घालून वर ओलं फडकं टाकून फ्रिजमध्ये ठेवा. पिशवीत गाठ मारून ठेवले तर गुदमरतात. साध्या पाण्यात बुडवून ठेवले तर गोड्या पाण्याने मरतात. ही चूक मी दोनदा केली आहे, आणि दुसऱ्यांदा का केली याला माझ्याकडे उत्तर नाही.

तिसऱ्यांमध्ये वाळू असते. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, म्हणजे ते साधारण समुद्राइतकं खारट होतं. पसरट भांड्यात जाळी ठेवून तिच्यावर तिसऱ्या मांडा आणि जेमतेम बुडतील इतकंच पाणी घाला. दीड-दोन तास गार, अंधाऱ्या जागी ठेवा. थोड्या वेळाने हळूच डोकावून पाहा: शिंपल्यांच्या फटीतून दोन बारीक नळ्या बाहेर आलेल्या दिसतात आणि मधूनच पाण्याची बारीक पिचकारी उडते. त्या श्वास घेतायत आणि वाळू टाकतायत. जाळी एवढ्यासाठी की टाकलेली वाळू खाली बसते, पुन्हा आत ओढली जात नाही. त्यांना काढताना एकेक उचलून घ्या. भांडं चाळणीत उपडं केलंत तर सगळी वाळू परत त्यांच्याच डोक्यावर.

शिनाण्यांना बाहेरून दोऱ्यांचा झुपका असतो, त्याने ते खडकाला धरून राहतात. तो शिजवण्याच्या अगदी आधी बिजागरीच्या दिशेने ओढून काढा, नंतर कवच ब्रशने घासा.

भांड्यात टाकण्याआधी शेवटची तपासणी: उघडा दिसणारा शिंपला ओट्यावर हलकेच ठोका. मिटला तर जिवंत आहे. आ वासूनच राहिला, किंवा कवच फुटलेलं असेल, तर फेका. इथे काटकसर नको.

४. पाणी आणि मसाला

टोपात ४ लिटर पाणी घ्या. कमी दिसेल, पण भर घालू नका. एवढं सामान आत गेल्यावर पाणी चांगलंच वर चढतं. एकदा मी टोप पाऊण भरून सुरुवात केली होती. बटाटे जाईपर्यंत ठीक होतं, कणसं घातली आणि लालभडक पाणी शेगडीवरून थेट ओट्याखालच्या ड्रॉवरात. पुढचा महिनाभर त्या चमच्यांना मिरचीचा वास होता.

मीठ: दर लिटरला २० ग्रॅम, म्हणजे ४ लिटरला ८० ग्रॅम. सपाट टेबलस्पून साधारण १७-१८ ग्रॅमचा असतो, पण वजनकाटा असेल तर मोजाच. आकडा ऐकून हात आखडतो, हे मलाही माहीत आहे. मात्र हे पाणी प्यायचं नाही, फेकायचं आहे. साल आणि कवचातून जितकं मीठ आत शिरेल तितकंच आपल्याला मिळणार. तयार मसाला वापरणार असाल तर डब्यावर वाचा. बहुतेकांत मीठ असतंच, मग आपलं मीठ निम्म्यावर आणा आणि पाण्याची चव घेऊन ठरवा. चव घ्यायची ती कच्चं सीफूड पाण्यात जाण्याआधी.

तयार मसाल्यांतला सगळ्यांत ओळखीचा ‘ओल्ड बे’. जर्मनीतून जीव वाचवून अमेरिकेत गेलेल्या गुस्ताव ब्रुन या मसाल्याच्या व्यापाऱ्याने तो १९३९ च्या सुमारास बाल्टिमोरमध्ये बनवला. सेलरीचं मीठ, मिरी, लाल मिरची, पाप्रिका असा त्याचा सांगाडा. तो मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर हे करा:

- पुरचुंडीत: मिरी १ टेबलस्पून (जाडसर ठेचून), मोहरी १ टेबलस्पून, धणे १ टेबलस्पून, लवंगा ५, तमालपत्राची २ पानं, सेलरीच्या बिया मिळाल्या तर १ टीस्पून
- थेट पाण्यात: रंगाची, कमी तिखट मिरचीपूड २ टेबलस्पून, तिखट मिरचीपूड १ टेबलस्पून

तमालपत्राबद्दल एक सूचना. इंग्रजी पाककृतीत ‘बे लीफ’ म्हणून येतं ते वेगळ्या झाडाचं पान. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, वास तसाच गोडसर. त्यामुळे तिकडच्या कृतीत सहा पानं लिहिली असली तरी आपली दोनच घाला.

कांद्याच्या फोडी आणि आडवे चिरलेले लसणाचे गड्डे पाण्यात टाका, पुरचुंडी सोडा, झाकण ठेवून उकळी आणा आणि १० मिनिटं उकळू द्या. मिरचीपूड उकळायला लागली की खिडकी उघडा आणि पंखा लावा. टोपावर वाकून वास घ्यायचा मोह टाळा, ठसका लागतो.

लिंबू मात्र आत्ता नाही. आंबट पाण्यात बटाट्यातलं पेक्टिन, म्हणजे त्याच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा पदार्थ, लवकर सुटत नाही, म्हणून तो शिजायला फार वेळ घेतो. माझ्या पहिल्या खेपेचे दगडी बटाटे याचेच.

५. घड्याळ लावा

बहुतेक जण सगळं शिजल्यावर गॅस बंद करून त्याच पाण्यात मुरू देतात. क्रॉफिशला ते मानवतं, घरच्या कोळंबीला नाही. ती गरम पाण्यात शिजतच राहते. म्हणून मी क्रम बदलला. बटाटा आणि मका आधी मुरवायचे, नाजूक मंडळी शेवटी आणि झटपट.

शून्य मिनिट: उकळत्या पाण्यात बटाटे.

६ वं मिनिट: कणसाचे तुकडे.

१० वं मिनिट: गॅस बंद. बटाट्यात सुरी घालून पाहा, ती आत शिरावी पण मध्यावर अडावी. तशीच हवी. झाकण ठेवून १० मिनिटं हात लावू नका. उकळी थांबली की बटाटे-मका आतल्या आत शिजत राहतात आणि खारं, मसालेदार पाणी त्यांच्यात मुरतं.

२० वं मिनिट: दोन लिंबं पिळून सालासकट आत टाका आणि गॅस मोठा करा. पाणी अजून गरमच असतं, तीन-चार मिनिटांत उकळी येते. पुन्हा सुरी लावा. बटाटे अजून अगदीच कच्चे असतील तर इथेच थांबून पूर्ण शिजवून घ्या. कोळंबी गेल्यावर थांबता येत नाही.

खळखळून उकळी आली की शिंपले. झाकण ठेवा. सुरुवातीला ते टोपाच्या अंगावर टकटक आपटताना ऐकू येतात. तीन मिनिटांत बरेचसे उघडतात.

ती तीन मिनिटं झाली की लगेच कोळंबी. झाऱ्याने एकदा खालून वर ढवळा, म्हणजे सगळी पाण्याखाली जाईल. आता टोपासमोरून हलू नका. फोन वाजला तर वाजू दे.

कोळंबीला दोन ते तीन मिनिटं पुरतात, पण इथे घड्याळापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. रंग लगेच पालटेल, त्याला भुलू नका. तो केशरी रंग कच्च्या, राखाडी सालातही असतोच. अ‍ॅस्टाझँथिन नावाचं ते रंगद्रव्य एका प्रथिनाला बांधलेलं असतं, उष्णतेने प्रथिन मोडलं की रंग मोकळा होतो. साल आधी तापतं, म्हणून ते आधी रंगतं. आतलं मांस शिजलं की नाही ते सांगत नाही. एक कोळंबी बाहेर काढून पाठीवरच्या चिरेत पाहा. मानेजवळचा जाड भाग काचेसारखा दिसत असेल तर अजून अर्धं मिनिट, दुधी पांढरा झाला असेल तर झाली. आकारावरूनही कळतं: अर्धचंद्रासारखी वळली म्हणजे शिजली, शेपटी डोक्याला टेकून पुरतं वाटोळं झालं म्हणजे हातची गेली.

गॅस बंद करून ताबडतोब झाऱ्याने सगळं चाळणीत उपसा. दहा किलोचा उकळता टोप उचलून सिंकमध्ये ओतण्याचा पराक्रम नको. उपसून टोप हलका झाला की राहिलेलं गाळा, आणि त्याआधी पेलाभर पाणी बाजूला काढून ठेवा.

मात्र गाळण्याआधी न उघडलेले शिंपले तेवढे परत पाण्यात टाकून एक-दोन मिनिटं संधी द्या. तरीही मिटलेलेच राहिले तर टाकून द्या, सुरीने उघडायला जाऊ नका.

६. लोणी, ज्याच्यामुळे लोक बोटं चाटतात

हे बटाटे मुरत असतानाच्या दहा मिनिटांत करा. मिरचीचा तिखटपणा पाण्यात फारसा विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. म्हणूनच भांड्यात कितीही मिरची घातली तरी ‘काहीतरी कमी आहे’ असं वाटत राहतं. ती उणीव लोणी भरून काढतं.

१५० ग्रॅम लोणी मंद आचेवर वितळवा. दहा-बारा पाकळ्या बारीक चिरलेला लसूण घाला. लसूण फसफसत राहावा पण रंग धरू नये. तपकिरी झाला की कडू होतो आणि मग लोणी वाया. दोन मिनिटांनी गॅस बंद करून १ टीस्पून मिरचीपूड, थोडी मिरी आणि एका लिंबाचा रस घाला. बाजूला काढलेल्या पाण्यातले दोन-तीन चमचे शेवटी ढवळून टाका, लोणी जरा दाट होतं. मीठ घालू नका. त्या पाण्यात आहे तेवढं पुरे.

७. वाढणं

टेबलावर आधी प्लास्टिक, त्यावर जाड कोरा कागद. वर्तमानपत्र थेट अन्नाखाली नको, गरम लोण्याने शाई सुटते. मधोमध परात ठेवा किंवा सगळं सरळ कागदावरच ओता. वरून निम्मं लोणी, उरलेलं वाट्यांमध्ये बुडवायला. एक लिंबू फोडी करून, थोडा ब्रेड, कवचं टाकायला दोन रिकामे वाडगे, आणि प्रत्येकाला ओलं फडकं.

एक धोका इथे लपलेला असतो. कच्ची कोळंबी ज्या ताटात होती तेच ताट घाईत पुन्हा वाढायला घेतलं जातं. ते साफसफाई झाल्याबरोबर सिंकमध्ये टाका, नजरेसमोर ठेवूच नका.

८. खेकडा घालायचाच असेल तर

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला घाला. खेकडा जिवंतच घ्या, मेलेला फार लवकर बिघडतो. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवला की तो बधिर होतो आणि पुढचं काम दोघांनाही सोपं जातं. पाठीचं कवच उचकटून काढा, दोन्ही बाजूंचे पिसासारखे कल्ले खुडून टाका, धुवा आणि मधोमध दोन तुकडे करा. नांग्यांना बत्त्याचा एकेक हलका टोला द्या. नुसती तडा जायला हवी, भुगा नको.

मुरवण संपून पुन्हा उकळी आली की आधी खेकडे, आठ मिनिटांनी शिंपले, मग कोळंबी. या हिशेबात बटाट्यांना आणखी आठ मिनिटं मिळतात, म्हणून पहिल्या फेरीत कणसं चौथ्या मिनिटाला टाका आणि सातव्या मिनिटाला गॅस बंद करा.

९. उरलं तर

दोन तासांच्या आत आवरा. कोळंबी आणि शिंपले सोलून, कवचाबाहेर काढून डब्यात भरा आणि ४ अंशांखाली फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी संपवा. परत उकळू नका. गार खा, नाहीतर गरम पदार्थात अगदी शेवटी मिसळून नीट वाफ आणा. बटाटे ठेचून लोण्यात खरपूस परतले तर पहिल्या दिवसापेक्षा चांगले लागतात, हे माझं ठाम मत.

उकडलेलं पाणी फार खारट असतं, त्याचं सूप होत नाही. मी दोनदा प्रयत्न केला आहे. सूप हवं असेल तर कोळंबी साफ करतानाच डोकी वेगळी काढून ठेवा, थोड्या तेलात परता आणि साध्या पाण्यात वीस मिनिटं उकळा.

आणि कवचं त्याच रात्री दुहेरी पिशवीत बांधून घराबाहेर काढा. सकाळी टाकू म्हणून ओट्याखाली ठेवलीत, तर सकाळी गजराची गरज पडणार नाही.